त्रेसष्ट घरं सातमोट्यांची

दक्षता पथकाच्या वंदना मॅडमनी पिशवीतून राजानंदचंच पुस्तक काढून त्याच्यासमोर टीपॉयवर ठेवलं, तेव्हा त्याला आधी बरंच वाटलं. माणूस मोठा अजब प्राणी आहे. जातीच्या दाखल्याची चौकशी करायला सरकारी बाई घरी येऊन बसलीय, पोरीचा डॉक्टरकीचा प्रवेश त्या दाखल्यावर टांगलाय, आणि ह्याच्या मनात पहिला विचार आला तो हा की, वा, आपलं पुस्तक ऑफिसापर्यंत पोचलं.

मॅडमनी नववं पान उघडलं. त्यातल्या चार ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या.

"पुस्तक तुमचंच ना, सर?"

राजानंद हो म्हणाला, आणि लिहायला सहा वर्षं लागली असंही म्हणाला, जे कुणी विचारलं नव्हतं.

मॅडमनी त्या ओळी शांतपणे वाचून दाखवल्या. सावरखेडीच्या सातमोटे या कुणबी कुळाच्या दोन पाती झाल्या. थोरली पाती वडिलोपार्जित शेतीत राहिली. धाकट्या पातीतील लिंबाजी सातमोटे यांचे चिरंजीव भिवाजी यांनी १९५६ नंतर बौद्ध धम्माचा स्वीकार केला. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं नाही, तसंच उघडं ठेवलं.

"तुम्ही बौद्ध आहात, हे कुणीच नाकारत नाही," त्या म्हणाल्या. "धर्मांतराच्या आधी तुमचे आजोबा कोण होते, एवढाच प्रश्न आहे. अर्जात तुम्ही महार लिहिलंय. पुस्तकात कुणबी शेतकऱ्याच्या घरातले लिहिलंय. दोन्ही तुमच्याच हातचं आहे."

राजानंदनं घाईघाईनं १९३४ सालच्या शाळेच्या रजिस्टराची नक्कल पुढे केली. भिवा लिंबा, जात महार. आजोबा दोन महिने शाळेत गेले होते, तेवढीच ती नोंद. मॅडमनी ती आधीच पाहिलेली होती. त्यात आडनाव नव्हतं. हा भिवा तुमचाच कशावरून, असं त्यांनी विचारलं, आणि मग चौदावं पान काढलं. तिथं राजानंदनं मोठ्या दिमाखात छापलं होतं की, सातमोटे हे आडनाव मूळच्या सावरखेडीकरांखेरीज उभ्या महाराष्ट्रात कुणाचेही आढळत नाही, सर्व सातमोटे एकाच मूळ पुरुषाचे वंशज होत. म्हणजे आमच्या नावाचं दुसरं एखादं कूळ असेल हो, असं म्हणायचीही सोय त्यानं स्वतःच्या हातानं बुजवून टाकली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मॅडम काही वाईट नव्हत्या. बारा दिवसांत प्रमाणपत्र हजर केलं नाही तर मोनालीची जागा जाते, हे त्यांनाही माहीत होतं. हे आडनाव तुमच्या घरात कसं आलं ते सांगणारा जाणता माणूस आणा, आणि दुसऱ्या सातमोट्यांकडून आमचा ह्यांचा वंश एक नाही असं लेखी आणा, सोमवारी जात पडताळणी समितीपुढे ठेवते, एवढं सांगून त्या गेल्या. स्वयंपाकघराच्या दारात मोनाली उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

आता हे पुस्तक झालं कसं, ते सांगायला हवं.

आडनाव विचारणं ही आपल्याकडे जात विचारण्याची सभ्य रीत आहे. समोरच्यानं आडनाव सांगितलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक खूण उमटते, मग पाणी द्यायचं की नुसतं हसायचं ते ठरतं. राजानंद बदनापूरला शाळेवर लागला तेव्हा खोली बघत हिंडला. आडनाव काय, सातमोटे. घरमालक बुचकळ्यात पडले. कुणीतरी म्हणालं, कुंभार पिंपळगावच्या अंगाला सावरखेडीत सातमोटे आहेत, साठ एकरवाले. खोली मिळाली. राजानंद खोटं एक अक्षर बोलला नव्हता. नुसता गप्प राहिला होता. नोकरी त्याला खुल्या जागेवर मिळाली होती, तिथं दाखल्याचं काम पडलं नाही, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. पुढे सव्वीस वर्षं तो तसाच गप्प राहिला. बाबासाहेबांचा फोटो घरात होता, पण आतल्या खोलीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं चाललं होतं.

मग त्याला मोजण्याचा नाद लागला. भूगोलाचा मास्तर, तक्ते काढण्याची खोड जुनीच. मतदारयाद्या चाळून, शाळांच्या कपाटात डोकं घालून, सुट्ट्यांत मोटारसायकल काढून त्यानं सातमोटे शोधले. वाळूजला दोन घरं, चाकणला एक, परतूरला तीन, बाकी सगळी सावरखेडी आणि आसपास. एकूण घरं त्रेसष्ट, माणसं तीनशे अठरा. त्यातली एक्केचाळीस घरं शेतकऱ्यांची, बावीस बौद्धांची. पदवीधर किती, मुली किती, सगळं रकान्यांत बसवलं. एवढं दुर्मीळ आडनाव आपलं, ह्या गोष्टीची त्याला नशा चढली होती.

शेतकरी सातमोट्यांचं नाव कुठून आलं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांच्या विहिरीवर एका वेळी सात मोटा चालायच्या. बावीस घरांना तेच नाव कसं लागलं, हे त्याच्या बेबीनंदा आत्यानं त्याला लहानपणीच सांगितलं होतं. ते त्यानं लिहिलं नाही. त्याऐवजी दोन भाऊ लिहिले, दोन पाती लिहिल्या. एकदा कागदावर उतरलं की त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं. माझा राग त्याच्या लिहिण्यावर नाही, सव्वीस वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला कधीतरी बोलावंसं वाटणारच. पण बोलला तेही असं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर जालन्यात हॉल घेऊन समस्त सातमोटे परिवाराचा मेळावा झाला, तिथं पुस्तकाच्या प्रती वाटल्या गेल्या. अध्यक्ष बद्रीनाथ सातमोटे, साठ एकरांतले वीस एकर त्यांच्या वाट्याचे, पंचायत समितीला उभं राहायचं मनात, त्यामुळे बावीस घरं आपलीच म्हणायला त्यांना अडचण नव्हती. त्यांनी राजानंदला शाल घातली, भाऊ म्हणाले, मिठी मारली, आणि आपण सगळे एकाच विहिरीचं पाणी प्यालेली माणसं आहोत असं माईकवर सांगितलं. टाळ्या पडल्या. राजानंदच्या डोळ्यांत पाणी आलं. परतताना जीपमध्ये बेबीनंदा आत्या एकदाच बोलली, की त्या हिरीच्या पायरीला तुह्या आज्याला शिवू देत न्हवते. राजानंदनं तिला, जाऊ दे आत्या, दिवस बदलले, म्हणून गप्प केलं होतं.

तीच आत्या आता कामाला येणार होती.

रविवारी सकाळी राजानंद आणि मोनाली बसनं कुंभार पिंपळगावला गेले. आत्या तिथं लेकाच्या घरी असते. वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू कमी येतं, आठवण मात्र पक्की. राजानंदनं कुठून सुरुवात करावी म्हणून दोनदा घसा खाकरला. मोनालीनंच सरळ विचारलं, की आजी, आपल्याला हे आडनाव कुठून आलं.

आत्यानं भाच्याकडे पाहिलं. "तुह्या बापानं सांगितलं न्हाई?"

"पप्पांनी पुस्तकात दुसरंच लिहिलंय," मोनाली म्हणाली.

मग आत्यानं सांगितलं. सातमोट्यांच्या घरात कुणी मेलं की सोयऱ्याधायऱ्यांना सांगावा पोचवायचं काम भिवाचं. उन्ह असो, चिखल असो, बातमी घेऊन पायी निघायचं. एका मर्तिकाला पंधरा पंधरा गावं. गावाच्या वेशीबाहेर उभं राहून ओरडायचं, सातमोट्यांचा सांगावा हाय हो. आत जायचं नाही. कुणीतरी येऊन ऐकून जाईपर्यंत बसायचं नाही. मग वरून भाकर टाकायचे, ती घ्यायची आणि पुढच्या गावाला लागायचं. चाळीस गावांत त्याला कुणी भिवा म्हणत नव्हतं. सातमोट्यांचा भिवा म्हणायचे, लेकरं त्याला पाहिलं की घरात पळायची, कारण तो आला म्हणजे कुणीतरी मेलेलं असायचं.

छप्पन्न सालानंतर भिवानं सांगावा नेणं बंद केलं. सातमोट्यांनी त्याचं बलुतं तोडलं, दोन वर्षं तो कुटुंब घेऊन रानोमाळ मजुरी करत होता. धर्मराजला, म्हणजे राजानंदच्या बापाला, शाळेत घालायला तो इथं कुंभार पिंपळगावला आला. मास्तरनं आडनाव विचारलं. भिवाकडे आडनाव नव्हतं. दारात बसलेलं कुणीतरी म्हणालं, अहो हा सातमोट्यांचा भिवा. मास्तरनं ते लिहिलं. जात विचारली तर भिवानं जुनी सांगितली नाही, बौद्ध म्हणाला. मास्तरला काय लिहावं कळेना, त्यानं रकाना मोकळा सोडला. मागाहून भिवाच्या भावांनीही पोरांना तेच नाव लावलं.

"लोकं म्हनायचे, भिवा, त्यांचं नाव कशाला लावतो? बदल," आत्या म्हणाली. "मंग बाप म्हनायचा, त्यांनी देलं न्हाई मला. म्या चालून चालून घेतलंय."

मोनाली रडली नाही. तिनं आत्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. बाहेर आल्यावर मात्र ती बापाला म्हणाली, "दहावीला मी ह्या पुस्तकावर भाषण केलं होतं, पप्पा. दोन भावांची गोष्ट सांगितली होती सगळ्या शाळेपुढं. तुम्ही समोर बसला होता." आत्या बोलत असताना त्याला पहिल्यांदा जाणवलं होतं, की लाज वाटण्यासारखं त्यात आजोबांचं काहीच नव्हतं, आणि आपण पन्नाशी उलटेपर्यंत ती लाज त्यांच्या वाट्याची म्हणून वाहत आलो. हे त्याला पोरीला सांगायचं होतं. जमलं नाही.

आत्याला लेकाच्या गाडीवर बसवून पुढे आपल्या घरी पाठवलं, तिचा जबाब उद्या व्हायचा होता. बापलेक रिक्षानं सावरखेडीला निघाले.

वाटेत राजानंद मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. बद्रीनाथ भाऊंना कसं सांगायचं? ज्यांनी आपल्याला मिठी मारली त्यांच्याकडे जाऊन, आपलं नातं नाही असं लिहून द्या, म्हणायचं. त्यांना किती लागेल. पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, भाऊ, मनातलं नातं कागदानं तुटत नाही, असं काहीतरी त्यानं ठरवलं. कदाचित ते नाही म्हणतील, खोटं कसं लिहू म्हणतील, तर पाया पडायचीही त्याची तयारी होती.

बद्रीनाथांनी दोघांना ओसरीवर नाही, आत सोफ्यावर बसवलं. उषावहिनींनी चहा आणला, मोनालीच्या हातात लाडू दिला, पोर हुशार निघाली म्हणाल्या. त्यात कुठंही खोट नव्हती. राजानंदनं जुळवलेली वाक्यं कशीबशी सांगितली. बद्रीनाथांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, आणि ऐकून झाल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. राजानंदला आधी ते कळलंच नाही.

"एवढंच ना, सर? मंग काही अडचण न्हाई," ते म्हणाले. "कागद तर आमच्याकडं तयारच हाय."

सर म्हणाले ते, भाऊ नाही. आतल्या कपाटातून त्यांनी एक प्लास्टिकची फाईल आणली. त्यात ठराव होता, शंभराच्या बॉण्डवर, नोटरीच्या शिक्क्यानिशी. मेळाव्याला त्रेसष्ट घरं बोलावली होती, आणि मेळाव्यानंतर तिसऱ्या आठवड्यात सावरखेडीच्या मारुतीच्या पारावर एक्केचाळीस घरांनी हा ठराव केला होता. राजानंद धर्मराज यांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातील धाकटी पाती ही आमच्या कुळात कधीही नव्हती. सदर इसम व त्यांच्या कुटुंबाचा आमच्याशी रक्ताचा, सोयरिकीचा वा अन्नपाण्याचा कोणताही संबंध नव्हता व नाही. सदर लोक पूर्वापार गावकीचे महार असून आमच्या घराचे सांगावे नेत असल्याने त्यांस आमचे नाव पडले आहे. खाली एक्केचाळीस सह्या. पहिली बद्रीनाथांची.

राजानंदनं ते दोनदा वाचलं. दोन वर्षं. ह्या दोन वर्षांत त्यानं त्यांना दर पाडव्याला फोन केला होता, परिवाराच्या ग्रुपवर रोज सकाळी नमस्कार टाकला होता, आणि त्यांनी रोज हात जोडलेलं चित्र परत पाठवलं होतं.

"तुम्ही कधी बोलला न्हाईत," तो म्हणाला.

बद्रीनाथ खरंच ओशाळले. त्यांची पुतणी दैवशाला, तिची सोयरीक अंबडकडं ठरत आली होती. पाहुण्यांच्या हाती ते पुस्तक पडलं. त्यांनी विचारलं, तुमच्यात हे बी हायेत का? सोयरीक मोडली. सगळी भावकी त्यांच्या घरी चालून आली, तुम्हीच अध्यक्ष झाल्ते म्हणाली. आणखी चार पोरी लग्नाच्या होत्या.

"तुम्ही लई हौसेनं केल्तं सगळं, सर. म्हणलं, सांगून तुमचं मन कशाला दुखवा," ते म्हणाले. "न्या हा कागद. पोरीचं काम झालं पाहिजे, बिलकुल अडू नका."

मनापासून म्हणाले ते. हेच तर अवघड आहे. शिवी दिली असती तर राजानंद भांडला असता. इथं माणूस मदत करत होता, आणि त्याच्या मदतीनंच काळीज कापलं जात होतं. बरं, नको म्हणायचीही सोय नव्हती. नवा कागद केला असता तर समितीनं म्हटलं असतं, पोरीच्या प्रवेशासाठी आत्ता जमवलाय. हा दोन वर्षांपूर्वीचा होता, रागानं केलेला, कुणाचंही भलं करायला न केलेला. ह्याच्याइतका भक्कम पुरावा शोधून सापडला नसता. राजानंदला त्या क्षणी धाय मोकलून रडावंसंही वाटलं आणि सुटलो एकदाचे असंही वाटलं, आणि ह्या सुटल्याचीच त्याला जास्त शरम वाटली.

तो उठला आणि म्हणाला, "उपकार झाले." सवयीनं भाऊ म्हणणार होता, ते ओठांतच राहिलं. मोनालीनं लाडू बशीत तसाच ठेवला होता.

सोमवारी समितीपुढे आधी आत्याचा जबाब झाला. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, वेशीबाहेर कसं ओरडायचे तेसुद्धा ओरडून दाखवलं. बाहेरच्या बाकांवरची माणसं दारातून डोकावली. टेबलामागच्या तिघांपैकी एकानं चष्मा काढून ठेवला. मग वंदना मॅडमनी ठराव पुढे ठेवला. ते तिघं तो एकमेकांच्या खांद्यावरून वाचत होते, आणि राजानंद त्यांचे डोळे कुठल्या ओळीवर आहेत ते बघत होता. अन्नपाण्याच्या ओळीवर समितीचे अध्यक्ष थांबले, त्यांनी वर पाहिलं, परत खाली पाहिलं.

आता शंका उरली नाही, असं ते म्हणाले. बाईंचं सांगणं आणि ह्या लोकांचं लिहिणं, दोन्ही तंतोतंत जुळतंय. गुरुवारी प्रमाणपत्र घेऊन जा. फक्त एक राहिलंय. पुस्तक तुमचं आहे, तेव्हा पुस्तकातला मजकूर चुकीचा आणि ह्या ठरावातला मजकूर बरोबर, असं तुमच्या हातानं ठरावाखाली लिहून द्या. फाईलला लागेल.

कारकुनानं कागद त्याच्याकडे सरकवला आणि पेन दिलं. मोनाली शेजारी उभी होती. राजानंदनं लिहिलं, माझ्या पुस्तकातील वंशावळ चुकीची आहे. वरील ठरावातील मजकूर खरा आहे. अक्षर त्याचं सुंदर, फळ्यावर लिहून घोटलेलं. लिहिताना त्याला वाटत होतं, आपण हे नाइलाजानं लिहितोय, पोरीसाठी लिहितोय. पण खरा आहे हे दोन शब्द उमटले आणि त्याच्या लक्षात आलं, की सहा वर्षं खपून लिहिलेल्या आपल्या शंभर पानांत एवढं खरं वाक्य एकही नव्हतं.

खाली त्यानं नेहमीची सही केली, रा. ध., आणि पेन ठेवलं.

"पूर्ण नाव लागेल, सर," कारकून म्हणाला. "आडनावासकट."

राजानंदनं मोनालीकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. त्यानं पुन्हा पेन उचललं. वर एक्केचाळीस सातमोटे सह्या करून सांगत होते, की हा आमचा कुणी नाही. त्यांच्याखाली थोडीशी जागा उरली होती. तिथं त्यानं राजानंद लिहिलं, धर्मराज लिहिलं, आणि मग हात न थांबवता सातमोटे लिहिलं.